वाचलेल्यांच्या गोष्टी

आमच्या घरात युद्धाच्या दोन गोष्टी होत्या, एक आईची आणि एक वडिलांची. दोन्ही एकाच दिवसाच्या, जवळजवळ एकाच मिनिटाच्या. आईची गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली असेल. वडिलांची एकदाच.

आईची गोष्ट गिरगावातली. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार, दुपारचे चार नुकतेच वाजून गेलेले. ती आठ वर्षांची होती आणि चाळीच्या गॅलरीत मैत्रिणीबरोबर सागरगोटे खेळत होती. पायाखालची लाकडी जमीन आधी हलली, मग आवाज आला आणि खिडक्यांच्या काचा खळाखळा खालच्या चौकात पडल्या. आजी ओरडली, "भूकंप!" समोरच्या बिऱ्हाडातले मास्तर ओरडले, "जपान आला!" शेजारच्या काकू तळण टाकून तशाच जिना उतरल्या. खाली पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हातात झारा आहे आणि झाऱ्यात अर्धी तळलेली पुरी आहे. या झाऱ्यापाशी आई नेहमी थांबायची आणि आमचं हसून झालं की पुढे जायची. मग पूर्वेकडचा काळा धूर, रात्रभर तांबडं राहिलेलं आभाळ आणि छप्पर फोडून कुणाच्या तरी घरात पडलेली सोन्याची वीट. वर्षं गेली तशी ही वीट आमच्या जवळ जवळ येत गेली. मी कॉलेजात जाईपर्यंत ती ठाकुरद्वारच्या नाक्यावर येऊन पोचली होती. शेवटचं वाक्य मात्र कधी बदललं नाही: "थोडक्यात वाचलो बाई."

वडिलांची गोष्ट लालबागची. आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. दहा बाय बाराची खोली, घरची पाच माणसं आणि शिवाय आजीच्या हातचं जेवणारे, रात्री गॅलरीत पथारी टाकणारे तीन गावकरी. त्यांतला एक गोदीत हमालीला जायचा. त्या शुक्रवारी तो गेला आणि परत आला नाही. आजोबा दोन दिवस केईएम आणि जे. जे. अशी दोन्ही इस्पितळं हिंडले. माळ्यावरची त्याची वळकटी कुणी हलवली नाही. दोन पावसाळे गेल्यावर एका थंडीत आजीने ती सोडली, आतली घोंगडी झटकली आणि उन्हात घातली. "मॅट्रिक होईपर्यंत मी त्याच घोंगडीत झोपलो," वडील म्हणाले. परळ स्टेशनावर आम्ही दोघं गाडीची वाट बघत होतो तेव्हा हे बोलणं निघालं. गाडी आली. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

आई बोलकी, वडील अबोल, म्हणून एक गोष्ट शंभरदा आणि दुसरी एकदा, असं मी बरीच वर्षं समजत होतो. आता तसं वाटत नाही. आईबापांकडून युद्धाच्या आठवणी कशा येतात, त्यांतल्या कोणत्या येतात आणि कोणत्या वाटेतच राहतात, याला स्वभावापेक्षा मोठी कारणं आहेत. ती कारणं नीट पाहिली नाहीत तर आपल्या हाती अर्धाच वारसा येतो, आणि तो अर्धा आपल्याला बेफिकीर करतो, असं मला म्हणायचं आहे.

त्या दिवशी काय घडलं ते आधी सांगतो, कारण दोन्ही गोष्टींत ते नाही. 'फोर्ट स्टिकीन' हे ब्रिटिश मालवाहू जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं, कराचीला थांबलं आणि १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. त्यावर सुमारे १४०० टन स्फोटकं होती: तोफगोळे, पाणतीर, सुरुंग. लढाऊ विमानं होती. इंग्लंडहून आलेल्या सोन्याच्या १२४ विटा होत्या, एकतीस पेट्यांत. आणि कराचीला त्यात कापसाच्या ८७०० गाठी चढवल्या गेल्या. लाकूड, भंगार, तेलाची पिंपंही. दारूगोळा आणि कापूस शेजारी ठेवू नये हे कुणालाही कळतं, पण युद्धाच्या घाईत ते चालून गेलं. धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून लावायचं लाल निशाणही जहाजावर नव्हतं. दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला. बंबवाले आले, शेकडो टन पाणी आत सोडलं, तरी आग कुठे आहे तेच सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. बारा किलोमीटरपर्यंतच्या काचा फुटल्या. दूर सिमल्याच्या भूकंपमापकाने हादरा टिपला. आसपासची जहाजं बुडाली, आणि 'जलपद्म' नावाचं जहाज तर पाण्यातून उचललं जाऊन धक्क्यावरच्या शेडवर आडवं पडलं. जळता कापूस मांडवी, मशीद बंदर, डोंगरीवर पावसासारखा पडला. पन्नास हजार टनांहून जास्त धान्य जळालं. ऐंशी हजार माणसं बेघर झाली. गोदी पुन्हा चालू व्हायला सुमारे आठ हजार माणसांना सात महिने खपावं लागलं.

आणि या सगळ्याबद्दल मुंबईकराला वर्तमानपत्रात काय वाचायला मिळालं? जवळजवळ काहीच नाही. युद्धकाळातल्या सेन्सॉरने मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बातमी रोखून धरली. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र दुसऱ्याच दिवशी सविस्तर सांगून टाकली. म्हणजे आपल्याच गल्लीच्या टोकाला काय झालं ते कळायला शत्रूचं रेडिओ केंद्र ऐकावं लागलं. अशा वेळी शहर काय करतं? बोलतं. जिन्यात, नळावर, रेशनच्या रांगेत. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झालं होतं, त्यामुळे रांगांची काही कमी नव्हती. जी बातमी छापायला बंदी होती ती तोंडातोंडी घरात शिरली आणि घरातच राहिली. आमच्यासारख्या घरांत गोदीच्या स्फोटाची आठवण इतकी घट्ट बसली याचं एक कारण सरकारच आहे. ज्या घटनेबद्दल वर्तमानपत्रं बोलत नाहीत तिची वर्तमानपत्रं घरं होतात.

साहजिकच या वर्तमानपत्रांत चुका फार. मास्तरांचा जपान आलाच नव्हता. सोन्याची वीट गिरगावात पडल्याची काही खूण नाही. ती पडली गोदीपासून मैलभरावरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरात, आणि त्यांनी ती सरकारला परत केली. अशा चुका दाखवून इतिहासाचे अभ्यासक कधीकधी घरच्या आठवणी बाजूला सारतात. मला ते पटत नाही. मास्तर 'जपान' म्हणाले याला आधार होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून. एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात कलकत्त्यावर. मुंबईत काळोख पाळला जात होता, पोरांना भोंग्याचा अर्थ शिकवला जात होता. कितीतरी गिरगावकरांनी बायकापोरं कोकणात, देशावर पाठवून दिली होती. दोन वर्षं ज्या संकटाची वाट पाहिली तेच आलं असं माणसाला वाटलं तर ती चूक म्हणजे त्या दोन वर्षांच्या भीतीची नोंद आहे. आणि सोन्याची वीट? धान्य कंट्रोलवर, कापड कंट्रोलवर, रॉकेल कंट्रोलवर. त्या दिवसांत आभाळातून सोनं पडल्याची बातमी प्रत्येक गल्लीने आपल्याकडे ओढून घेतली तर नवल काय? चुकीच्या आठवणीतूनही माणसं कशाला भीत होती आणि कशाला भुकेली होती ते कळतं.

तेव्हा घरच्या आठवणींविरुद्ध माझी तक्रार त्या खोट्या असतात ही नाही. तक्रार वेगळी आहे, आणि ती आपल्या भाषेतच लपलेली आहे. मराठीत 'वाचणं' या एका शब्दाचे दोन अर्थ. मरणातून सुटणं तेही वाचणं आणि अक्षरं उलगडणं तेही वाचणं. घरात सांगितल्या जाणाऱ्या युद्धकथा पहिल्या अर्थाने वाचलेल्यांच्या असतात. दुसरं काही असूच शकत नाही. जो गेला तो नातवाला मांडीवर घेऊन गोष्ट कशी सांगणार? पण त्यामुळे एक तिरकेपण येतं. हजारो घरांतल्या हजारो आठवणी गोळा केल्या तरी त्या सगळ्या एकाच वाक्यावर येऊन थांबतात: थोडक्यात वाचलो. माझे आजोबा त्या दिवशी तिथे जाणार होते पण गेले नाहीत. मामाची ट्राम चुकली. आत्याला ताप होता म्हणून काका घरी राहिले. अशा गोष्टी ऐकत वाढलेल्या पोराला नकळत वाटू लागतं की युद्ध म्हणजे असं काहीतरी, ज्यातून आपण सुटतो.

मग न सुटलेले कोण होते? आकडे बघितले की आधी त्यांच्यातला गोंधळ दिसतो. गोदीशी संबंधित वेगवेगळ्या सेवांतली २३१ माणसं गेली, गोदीबाहेरचे पाचशेहून जास्त. एकूण आकडा कुणी आठशे सांगतं, कुणी तेराशे. या दोन आकड्यांमध्ये पाचशे माणसांची तफावत आहे. म्हणजे पाचशे माणसं अशी, की ती मेली की नाही यावरही एकमत नाही. हे कसं झालं असेल ते समजायला गोदीतलं काम तेव्हा कसं मिळायचं ते पाहावं लागतं. मोठा भाग रोजंदारीचा. सकाळी दरवाज्याशी जायचं, टोळीवाल्याने उचललं तर आज काम, नाहीतर उद्या. गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा आला १९४८ मध्ये आणि मुंबईत डॉक लेबर बोर्ड उभं राहिलं १९५१ मध्ये. त्याआधी एखाद्या शुक्रवारी आत कोण कोण होतं हे टोळीवाल्यालाच ठाऊक. आणि त्या शुक्रवारी तो टोळीवालाही आतच असला तर?

जो माणूस मुंबईत एकटा होता, ज्याची बायको आणि आई रत्नागिरी-साताऱ्याच्या एखाद्या खेड्यात मनिऑर्डरीची वाट पाहत होती, त्याची आठवण मुंबईत कुणी ठेवायची? गावात ती राहिली असेल, पण बातमी म्हणून नाही; 'मुंबईला गेला तो आलाच नाही' एवढ्या एका वाक्याने. कोकणात असं वाक्य दर दुसऱ्या घरात सापडायचं आणि त्याची कारणं पटकी, क्षय, गिरणीतला पट्टा, दुसरी बाई अशी दहा असायची. गोदीचा स्फोट त्या वाक्यात बेमालूम मिसळून गेला.

आठवण टिकायला तिला घर लागतं, आणि ते घर कुटुंबाचंच असलं पाहिजे असं नाही. त्या दिवशी मेलेल्या ६६ अग्निशामक जवानांचा आकडा आपल्याला नेमका ठाऊक आहे. त्यात तफावत नाही, कारण त्यांच्यामागे एक दल होतं. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो तो त्यांच्यामुळे, आणि भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांना दरवर्षी मानवंदना दिली जाते. दलाने आपल्या माणसांना घर दिलं.

दुसरं उदाहरण खुद्द परळचं. युद्ध संपून सहा महिने झाले होते. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या 'तलवार' तळावर नाविकांनी बंड पुकारलं आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी २२ तारखेला गिरणगाव बंद झालं. रस्त्यांवर लष्कराने गोळ्या चालवल्या. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक नागरिक मेले. त्यांतलं एक नाव आजही घेतलं जातं, कमल दोंदे. परळला गोळी लागून त्या गेल्या. त्यांच्याबरोबरच्या कुसुम रणदिवे जखमी झाल्या. हे नाव टिकलं कारण परळच्या बायकांची संघटना होती, लाल बावट्याची युनियन होती, भाषणांत आणि आठवणींत ते पुन्हा पुन्हा उच्चारलं गेलं. ते टिकलं हे चांगलंच झालं. पण त्याच दिवसांत गेलेल्या बाकी दोनशेंपैकी किती नावं आपण सांगू शकतो?

आणि सरकार जेव्हा आठवण ठेवतं तेव्हा कशी ठेवतं तेही पाहण्यासारखं आहे. सातारा-कोकणातल्या अनेक गावांत पहिल्या महायुद्धाच्या दगडी पाट्या आहेत. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसं गमावली. आकडा दगडात कोरला, पण नावं कोरायची गरज सरकारला वाटली नाही. ती सांगायचं काम गावावर राहिलं, आणि गावाने ते केलं, कारण गावात प्रत्येकाचं घर होतं. दगडाने मोजायचं आणि घराने नाव ठेवायचं, अशी ही वाटणी होती. गोदीतल्या हमालाला दगड मिळाला नाही आणि मुंबईत त्याचं घरही नव्हतं. लालबागच्या एका खोलीत त्याची वळकटी तेवढी होती.

१४ एप्रिल ही तारीख मुंबई विसरलेली नाही, हेही सांगायला हवं. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत त्या दिवशी निळी तोरणं लागतात, रात्रीपासून वाद्यं वाजतात. ती डॉ. आंबेडकरांची जयंती आहे. त्या १९४४ च्या १४ एप्रिलला बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. ज्या माणसांची मोजदादच होत नाही त्यांना मोजायला लावणं, हे त्यांच्या आयुष्याचं काम. योगायोगाला अर्थ नसतो हे मला कळतं. तरी एकाच तारखेचा हा शेजार माझ्या मनातून जात नाही.

आता माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. आठ वर्षांच्या मुलीने सागरगोटे आणि झारा लक्षात ठेवला तर तिचं काय चुकलं? लहान मूल युद्धातूनही खेळच उचलतं. मला स्वतःला माहीत आहे. डिसेंबर १९७१ मध्ये मी नऊ वर्षांचा होतो. खिडक्यांना काळे कागद चिकटवणं, मोटारींच्या दिव्यांवर वरच्या अर्ध्या भागात काळा रंग, भोंगा झाला की जिन्याखाली गर्दी, विमानविरोधी तोफांच्या रेषा आभाळात. दिवाळीनंतर आलेली ही दुसरी दिवाळीच होती आमची. त्याच महिन्यात, ९ डिसेंबरला, दीवच्या समुद्रात 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. मुंबईच्या नौदल वसाहतीत त्या रात्री काय झालं असेल, हा विचार माझ्या मनात यायला पंचवीस वर्षं लागली. माझ्या मुलांना मी काय सांगितलं? काळ्या कागदांची गंमत. तेव्हा आईला दोष देण्याचा मला अधिकार नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. आईबाप वाईट ते सांगत नाहीत, कारण पोरांना त्याची झळ लागू नये असं त्यांना वाटतं. वडिलांचं गप्प राहणं ही माया होती. पोराला शांत झोप लागावी म्हणून घोंगडीची गोष्ट झाकून ठेवायची, यात गैर काय? गैर काहीच नाही. प्रत्येक दुःख पुढच्या पिढीच्या पानात वाढलंच पाहिजे असं मीही म्हणत नाही. पण झाकलेलं आणि पुसलेलं यांत फरक आहे. झाकून ठेवलेलं एक दिवस उघडायचं असतं. परळ स्टेशनावर वडिलांनी ते थोडं उघडलं होतं. मी गाडीत चढलो. ती चूक सांगणाऱ्याची नव्हती, ऐकणाऱ्याची होती.

ही चूक महागात पडते, म्हणून तर एवढं लिहितो आहे. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, मुंबईतही भोंगे वाजले. त्या आठवड्यात माझ्या फोनवर जे येत होतं ते वाचून मी चकित झालो. शिकलेली, सभ्य, दादर-गिरगावातली माणसं युद्धाची वाट मॅचची बघावी तशी बघत होती. त्यांत माझे नातेवाईक होते, आणि त्यांच्या घरी त्याच थोडक्यात वाचल्याच्या गोष्टी सांगितल्या गेल्या होत्या. देशाचं संरक्षण करावं लागतं, प्रसंगी लढावंही लागतं, याबद्दल माझा वाद नाही. पण लढाईला कबूल होणं वेगळं आणि तिची हौस वाटणं वेगळं. ही हौस कुठून येते याचा विचार करताना मला आईचा झारा आठवला. आपण ज्या गोष्टी ऐकून मोठे झालो त्यांत काचा फुटतात, माणूस मरत नाही. मेलाच तर तो गोष्टीच्या बाहेर, धुराच्या पलीकडे, मांडवीला किंवा डोंगरीला मरतो. पिढ्यान्‌पिढ्या असंच ऐकलं की पुढचं युद्धही गॅलरीतून बघायचं असतं असं वाटू लागतं. ज्यांच्या घरी माळ्यावर वळकटी राहिली त्यांना असं वाटत नाही, आणि ते फार बोलतही नाहीत. म्हणून युद्धाबद्दलचं सार्वजनिक मत काचा फुटलेल्यांच्या घरात तयार होतं.

वारसा हा शब्द आपण फार गोड करून टाकला आहे. दागिने, पाककृती, फोटो म्हणजे वारसा, असं मानतो. जुन्या लोकांच्या हिशेबात वारसाला बापाचं घर मिळायचं तसं बापाचं देणंही यायचं. आठवणींचंही तसंच आहे. पितृपक्षात पाणी देताना आपल्या पितरांबरोबर ज्यांना ना आई ना बाप ना भाऊबंद अशांनाही ओंजळ द्यायची रीत आहे. मी विधी पाळणारा माणूस नाही, आणि त्या दिवशी गेलेल्यांत मुसलमान होते, ख्रिस्ती होते, परदेशी खलाशी होते. तरी त्या रीतीमागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. ज्यांचं कुणी नाही त्यांचं देणं बाकीच्या सगळ्यांवर येतं, असं ती सांगते. वाचलेल्याची गोष्ट ज्याला मिळाली त्याच्यावर न वाचलेल्याची चौकशी करण्याचं देणं असतं.

हे देणं फेडायला फार काही लागत नाही. ज्या गोष्टीवर हसून झालं आहे तिच्याकडे एकदा परत जायचं आणि गोष्टीत कोण आहे हे न विचारता कोण नाही ते विचारायचं. त्या दिवशी संध्याकाळी कोण घरी आलं नाही? कुणाची वाट पाहिली? किती दिवस? हे प्रश्न उद्धट वाटतात, हसत्या घरात विरजण घालतात. पण ते विचारायला मुदत असते. १९४४ मध्ये आठ वर्षांची असलेली माणसं आता किती उरली? दुसऱ्या अर्थाने वाचणं, म्हणजे गोष्टीच्या ओळींमधलं वाचणं, ते आपल्या हयातीत आणि त्यांच्या हयातीत, अशा दोन्ही बाजूंनी जमलं पाहिजे.

वडिलांना मी विचारू शकलो नाही. आईला विचारलं, ती ब्याऐंशी वर्षांची असताना. गोष्ट नेहमीसारखी झाली होती, नातसुना झाऱ्यावर हसल्या होत्या, वीट ठाकुरद्वारला पडली होती. सगळे उठून गेल्यावर मी म्हणालो, "आई, त्या दिवशी तुमच्या चाळीतलं कुणी परत आलं नाही, असं झालं का गं?"

ती "नाही रे" म्हणाली. लगेच म्हणाली. मग बराच वेळ गप्प बसली, लुगड्याचा काठ बोटाने सारखा करत.

"गडी होता ना आमच्या मजल्याचा," ती म्हणाली. "चार बिऱ्हाडांत मिळून एक. भांडी घासायचा, पाणी भरायचा. त्या दिवशी काकूंकडे पाहुणे यायचे होते. तेल पुरेना, म्हणून त्यांनी त्याला मशीद बंदरला पाठवलं होतं. घाऊकात स्वस्त मिळायचं." परत थोडी थांबली. "काकू उगाच नव्हत्या रे धावल्या खाली."

मी विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

"रामा."

"नाही, खरं नाव?"

"रामाच म्हणायचे. सगळ्याच गड्यांना रामा म्हणायचे तेव्हा." मग जणू कुणी आरोप केला असावा तशी ती घाईने म्हणाली, "दोन दिवस वाट पाहिली हो त्याची. सोमवारी दुसरा रामा आला."